वाचकांचे प्रश्न : निळ्या एलईडीपासून ‘गॅन’ चार्जरपर्यंत

मागच्या अंकात जपानच्या निचिया कंपनीने १९९३ साली पहिला तेजस्वी निळा एलईडी बाजारात कसा आणला, याविषयी लेख होता. तो दिवा आणि आज लॅपटॉपबरोबर मिळणारा ‘गॅन’ चार्जर, दोन्ही एकाच पदार्थाचे बनतात, गॅलियम नायट्राइडचे (‘गॅन’ हे त्याचंच इंग्रजी लघुरूप), हे त्यात सांगितलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आरसीए, थ्रीएम, सोनी अशा बलाढ्य कंपन्या मैदानात असताना हा दिवा फॉस्फरची, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारी, पूड बनवणाऱ्या एका आडगावच्या कंपनीला कसा जमला?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर

आधी एक गैरसमज दूर करू. निळा एलईडी कसा असावा, याची कल्पना निचियाची नव्हती. अमेरिकेत प्रिन्स्टन इथल्या आरसीएच्या प्रयोगशाळेत १९६८ साली या पदार्थावर काम सुरू झालं होतं. भिंतीवर टांगता येईल असा सपाट टीव्ही बनवायचा होता. लाल आणि हिरवा एलईडी हाताशी होता, निळा नव्हता. तिथे मारुस्का यांनी नीलमाच्या चकतीवर गॅलियम नायट्राइडचा एकस्फटिकी थर वाढवून दाखवला आणि पुढे पँकोव्ह यांच्या गटाने त्यातून मंद निळा-जांभळा उजेडही काढला. पण प-प्रकारचा, म्हणजे धन विवरांनी (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागांनी) वीज वाहणारा थर काही केल्या मिळेना. तो नसेल तर खरा डायोड होत नाही. कंपनीच पैशाच्या अडचणीत आली आणि १९७४ मध्ये काम थांबलं.

घोडं अडलं होतं ते पदार्थापाशी. सिलिकॉन वितळवून त्याचा लांबलचक स्फटिक ओढता येतो. गॅलियम नायट्राइड तापवलं तर वितळण्याआधीच त्यातला नायट्रोजन निसटतो, त्यामुळे प्रचंड दाब दिल्याशिवाय ते वितळत नाही. मग दुसऱ्या कशावर तरी थर वाढवावा लागतो. उष्णतेला आणि अमोनियाला दाद न देणारी, परवडणारी चकती म्हणजे नीलम. पण नीलमाच्या अणूंची मांडणी आणि गॅलियम नायट्राइडची मांडणी यांत सुमारे १६ टक्क्यांचा फरक आहे. एवढ्या विसंगतीवर वाढलेला थर खडबडीत, भेगाळलेला आणि दोषांनी भरलेला निघायचा.

म्हणूनच ऐंशीच्या दशकात बहुतेक कंपन्यांनी झिंक सेलेनाइड धरलं. ते गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर जवळजवळ बिनचूक बसतं. थ्रीएमने १९९१ मध्ये त्यातून निळा-हिरवा लेझरही चालवून दाखवला. कागदावर ही निवड बरोबरच होती. अडचण अशी की तो पदार्थ मऊ आहे. चालू असतानाच त्यात दोष पसरत जातात आणि दिवा मरतो. बरीच वर्षं खपूनही त्या लेझरचं आयुष्य काहीशे तासांपलीकडे गेलं नाही.

गॅलियम नायट्राइड सोडलं नाही ते मोजक्या लोकांनी. नागोया विद्यापीठात अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी अमानो यांनी १९८६ मध्ये कमी तापमानाला अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी बसवून त्यावर आरशासारखा गुळगुळीत स्फटिक वाढवला. १९८९ मध्ये त्यांनीच मॅग्नेशियम मिसळलेल्या थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवला आणि तो प-प्रकारचा झाला. निचियातले नाकामुरा १९७९ पासून कंपनीत गॅलियम फॉस्फाइड, गॅलियम आर्सेनाइड यांचे स्फटिक बनवत होते. माल खपत नव्हता, कारण मोठे प्रतिस्पर्धी आधीच बाजारात होते. १९८८ मध्ये कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी त्यांना तीसेक लाख डॉलरचा निधी आणि फ्लोरिडाला जाऊन थर वाढवण्याचं तंत्र शिकण्याची मोकळीक दिली. ज्या वाटेला कोणी फिरकत नाही ती घ्यायची, हा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. आमच्या मते मोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते एवढंच : वर्षानुवर्षं एकाच भट्टीजवळ, एकाच पदार्थापाशी, विक्रीची घाई न करता टिकून राहणं.

आणि फॉस्फरचा धंदा आडवा आला नाही, उलट कामी आला. १९९६ मध्ये निचियाने निळ्या एलईडीवर सेरियम मिसळलेल्या यट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेटची पिवळी पूड चढवून पांढरा एलईडी विकायला काढला. आज घराघरांत जळणारे बहुतेक पांढरे एलईडी बल्ब याच घडणीचे आहेत.

हा थर प्रत्यक्ष वाढवतात कसा? तापमानं आणि क्रम सांगाल का? आमच्या पुस्तकात फक्त नाव आहे.
— एम.एस्सी. भौतिकशास्त्र, कोल्हापूर

तंत्राला एमओसीव्हीडी म्हणतात. तापलेल्या चकतीवरून धातूच्या सेंद्रिय संयुगाची वाफ आणि अमोनिया सोडायचा. दोन्ही चकतीवर तुटतात आणि गॅलियम-नायट्रोजन जोडले जाऊन थर चढतो. सुरुवातीच्या नीलमावरच्या पद्धतीचा क्रम असा :

नीलमाची चकती हायड्रोजनच्या प्रवाहात १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून पृष्ठभाग साफ करतात. मग तापमान ५००-५५० अंशांवर आणून ट्रायमेथिल गॅलियम (गॅलियमचं सेंद्रिय संयुग) आणि अमोनिया सोडतात, आणि गॅलियम नायट्राइडचा अवघा २०-३० नॅनोमीटरचा बफर थर बसवतात. नाकामुरांनी अॅल्युमिनियम नायट्राइडऐवजी हाच पदार्थ बफरला वापरला. हा थर स्फटिक म्हणून गचाळ असतो आणि तो तसाच हवा असतो. पुढे तापमान १०३० अंशांपर्यंत चढवलं की त्यातून सारख्या दिशेची बारीक बेटं तयार होतात. ती आडवी वाढत एकमेकांना मिळतात आणि वर सपाट थर येतो. बफर दुप्पट जाड झाला की बेटांच्या दिशा विस्कटतात. फार पातळ राहिला की नीलम मधूनमधून उघडा राहतो आणि तिथे षट्कोनी उंचवटे उठतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी चकती दुधाळ दिसते.

त्यावर सिलेन हा सिलिकॉनचा वायू सोडून सिलिकॉन मिसळलेला ऋण, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा थर, काही मायक्रॉन जाडीचा. मग तापमान ७५०-८०० अंशांपर्यंत खाली आणून इंडियम गॅलियम नायट्राइडचा उजेड देणारा थर. इंडियम उष्णतेला टिकत नाही, वर उडून जातं, म्हणून इथे तापमान उतरवावं लागतं. हायड्रोजनही इंडियमला बसू देत नाही, त्यामुळे वाहक वायू बदलून नायट्रोजन घेतात. इथे एका अंशाच्या फरकाने उजेडाचा रंग नॅनोमीटरभर सरकतो. चकती तापून किंचित वाकली की मध्य आणि कडा यांचं तापमान वेगळं पडतं, आणि एकाच चकतीवरचे दिवे वेगवेगळ्या निळ्या छटांचे निघतात. कारखान्यात प्रत्येक चिप मोजून वेगवेगळ्या खणांत टाकतात ती याचमुळे. शेवटी तापमान पुन्हा चढवून मॅग्नेशियम मिसळलेला वरचा थर.

दोन ठिकाणी सगळं फिसकटतं, ती नीट समजून घ्या.

पहिली जागा वायूच्या प्रवाहाची. हजार अंशांना तापलेल्या चकतीवरून गरम हवा जोरात वर उठते आणि कच्चा माल चकतीला शिवायच्या आतच उचलला जातो. नाकामुरांनी बाजूने येणाऱ्या मुख्य प्रवाहावर वरून हायड्रोजन-नायट्रोजनचा दुसरा प्रवाह सोडून तो खाली दाबला. ‘टू-फ्लो’ म्हणतात ती हीच रचना. शिवाय अमोनिया सहजी तुटत नाही, त्यामुळे तो गॅलियमच्या वाफेच्या हजारोपट सोडावा लागतो आणि बहुतेक वाया जातो. ट्रायमेथिल गॅलियमची बाटली शून्य अंशाच्या आसपास थंड पाण्याच्या टाकीत ठेवतात. टाकीचं तापमान एका अंशाने सरकलं की वाफेचा दाब पाच टक्क्यांनी बदलतो आणि थराची जाडीही तितकीच चुकते. हा द्रव हवेत आपोआप पेट घेतो, हे वेगळं सांगायला हवं.

दुसरी जागा मॅग्नेशियमची. इतकी वर्षं प-प्रकारचा थर का मिळत नव्हता? अमोनियातून सुटलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता. निचियाने १९९२ मध्ये थर नायट्रोजनमध्ये ७०० अंशांवर तापवून हायड्रोजन हाकलला. विशिष्ट रोध दहा लाख ओहम-सेंटिमीटरवरून दोन-तीनवर आला. तोच थर पुन्हा अमोनियात तापवला की रोध परत चढायचा. हा उलटा प्रयोग केला म्हणून कारण पक्कं झालं. इलेक्ट्रॉनांचा झोत एकेका जागेवर फिरवावा लागतो. भट्टीत मात्र डझनावारी चकत्या एकदम जातात. निळा एलईडी कारखान्यात आला तो या पायरीमुळे.

एक गोष्ट मात्र आजही थक्क करते. इतकं करूनही या थरात दर चौरस सेंटिमीटरला शंभर कोटींच्या घरात दोषरेषा राहतात. गॅलियम आर्सेनाइडच्या एलईडीत याच्या एका बारीक अंशानेही उजेड संपला असता. सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण असं, की थरात इंडियम सगळीकडे सारखं पसरत नाही. जिथे ते थोडं जास्त असतं तिथे इलेक्ट्रॉन अडकतात आणि दोषापर्यंत पोचायच्या आत उजेड देऊन मोकळे होतात.

राधानगरीकडच्या खाणींतलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातं. त्यात गॅलियम असतं, असं ऐकलं. खरं आहे का? आणि मग आपण ते काढत का नाही?
— शेतकरी, राधानगरी

असतं. गॅलियमची स्वतंत्र खाण अशी कुठेच नसते. ते बॉक्साइटमध्ये अॅल्युमिनियमच्या जोडीने येतं, साधारण टनाला ५० ग्रॅमच्या आसपास. बॉक्साइटपासून अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) काढताना ते कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. तोच सोडा पुन्हापुन्हा फिरवतात, त्यामुळे गॅलियम त्यात हळूहळू साठत जाऊन लिटरला शंभर-दोनशे मिलिग्रॅमपर्यंत पोचतं. या द्रावणातून खास रेझिनने ते धरायचं, सोडवायचं, विजेने धातू पाडायचा आणि मग सहा-सात नऊंच्या शुद्धतेपर्यंत, म्हणजे ९९.९९९९ टक्के किंवा त्याहून वर न्यायचं, असा मार्ग आहे.

अडचण बाजाराची आहे. जगातलं जवळजवळ सगळं कच्चं गॅलियम चीनमध्ये निघतं आणि तिथे भाव इतका खाली राहिला की इतर देशांतले कारखाने बंद पडले. ऑगस्ट २०२३ पासून चीनने निर्यातीला परवाना लावला, तेव्हा सगळे जागे झाले. अॅल्युमिना कारखान्याच्या उलाढालीत गॅलियमचं उत्पन्न चिमूटभर असतं. त्यासाठी चालू द्रावणात नवी यंत्रणा घुसवायला कोणी सहजी तयार होत नाही. हमी भावाने खरेदी करणारं कोणीतरी पाठीशी लागतं.

खपाचा अंदाज हवा तर हिशेब करून पाहा. चार्जरमधली चिप २ बाय ३ मिलिमीटरची आणि तिच्यावर ५ मायक्रॉनचा थर धरला तर पदार्थ भरतो ०.०३ घन मिलिमीटर. त्यात गॅलियम सुमारे ०.१५ मिलिग्रॅम. एक ग्रॅम गॅलियम सहा हजारांवर चार्जरांना पुरावं. प्रत्यक्षात भट्टीतून बरंच वाया जातं, तरीही एवढ्या कमी मालावर सगळ्या धंद्याचा दोर अडकला आहे.

नमुना हाती आलाच तर एक सावधगिरी : गॅलियम ३० अंशांच्या जरा अलीकडेच वितळतं. उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटलीही पातळ होते. ते अॅल्युमिनियमच्या भांड्याला लागू देऊ नका. अॅल्युमिनियममध्ये झिरपून ते धातू ठिसूळ करून टाकतं.

चार्जरमध्ये तर सिलिकॉनवर वाढवलेलं गॅलियम नायट्राइड असतं म्हणे. नीलम का नाही? आणि इलेक्ट्रिक गाड्यांत सिलिकॉन कार्बाइडच का?
— अभियांत्रिकी विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

किमतीमुळे. सिलिकॉनची ६ आणि ८ इंची चकती स्वस्त आहे आणि पुढचं काम जुन्याच कारखान्यांत होतं. उष्णताही सिलिकॉनमधून नीलमापेक्षा चांगली निघते. पण थर वाढवणं इथे आणखी कठीण. उघड्या सिलिकॉनला गॅलियम लागलं की दोघं मिळून चकतीला खड्डे पाडतात. म्हणून पहिला थर अॅल्युमिनियम नायट्राइडचाच द्यावा लागतो. दुसरं दुखणं थंड होताना उठतं. गॅलियम नायट्राइड एका अंशाला दहा लाखांत ५.६ भाग आकसतं, सिलिकॉन २.६. हजार अंश उतरताना वरच्या थरावर ०.३ टक्क्यांचा ताण बसतो आणि त्याला भेगा जातात. उपाय असा, की मधल्या थरांत अॅल्युमिनियमचं प्रमाण पायरीपायरीने कमी करत न्यायचं. त्यामुळे वाढतानाच थर दाबाखाली राहतो आणि थंड होताना येणारी ओढ त्या दाबातून वजा होते. चकती भट्टीत वाकडी आणि बाहेर सपाट, असं बेतावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रचनेत आहे. चार्जरमध्ये वीज चालू-बंद करणाऱ्या गॅनच्या ट्रान्झिस्टरमध्ये वीज आडवी वाहते. अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड आणि गॅलियम नायट्राइड यांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉनांची पातळ, अतिशय चपळ चादर आपोआप जमते, तिच्यातून. व्होल्टेज वाढवायचं तर आडवं अंतर वाढवावं लागतं आणि चिप महाग होते. त्यामुळे बाजारातला बहुतेक माल ६५० व्होल्टपर्यंतचा आहे. सिलिकॉन कार्बाइडमध्ये वीज उभी वाहते, त्यामुळे १२०० व्होल्ट सोयीचे पडतात, आणि ८०० व्होल्टच्या गाड्यांना तेच लागतात. गाडीच्या आत बसवलेल्या चार्जरमध्ये मात्र गॅलियम नायट्राइड येऊ लागलं आहे.

नवा ६५ वॉटचा गॅन चार्जर जुन्यापेक्षा जास्त तापतो. मग कार्यक्षम कसला?
— दुकानदार, अकोला

तो खरंच कमी वीज वाया घालवतो, तरी हाताला जास्त चटका देतो. जुना चार्जर ८८ टक्के कार्यक्षम धरला तर ६५ वॉट देताना नऊ वॉटची उष्णता होते. नवा ९४ टक्क्यांचा असेल तर सव्वाचार वॉट होते. पण डबी निम्मी झाली. उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागच उरला नाही. बऱ्याच चार्जरची मर्यादा ४० अंशांच्या हवेला धरलेली असते आणि अकोल्यात मे महिन्यात खोलीच त्यापलीकडे जाते. अशा वेळी चांगला चार्जर आपणहून वॉट उतरवतो. तो बिघाड नव्हे. गादीवर, उशीखाली किंवा एक्स्टेंशन बोर्डात दोन चार्जर खेटून लावू नका, एवढं पाळा.

डबी आणखी लहान का होत नाही, असंही काहींनी विचारलं आहे. जुना चार्जर सेकंदाला ६५ हजार ते एक लाख वेळा चालू-बंद होतो, गॅनचा दोन ते पाच लाख वेळा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान झाला. पण आत शिरणारी वीज ५० हर्ट्झचीच आहे, आणि दोन लाटांमधली दरी भरून काढणारा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) त्या लाटेवर ठरतो. गॅनने तो लहान होत नाही. त्यातून चार्जर १०० व्होल्टच्या देशांतही चालावा म्हणून तो वॉटला दीड-दोन मायक्रोफॅरड या हिशेबाने घेतात. चार्जर उघडलात तर सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला भाग हाच दिसेल, आणि उष्णतेने सगळ्यात आधी वाळतो तोही हाच.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहा. ‘गॅन’ या शब्दाला कोणतंही प्रमाणपत्र नसतं. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मात्र असायलाच हवा, आणि तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते बघा. दुसरं, ६५ वॉट म्हणजे २० व्होल्ट, सव्वातीन अँपिअर. साधी सी-टाइप केबल तीन अँपिअरचीच असते, म्हणून तिच्यावर ६० वॉटच मिळतात. पुढचे मिळायला आत ओळखचिप असलेली पाच अँपिअरची केबल लागते. तिसरं, दोन पोर्ट असतील तर दोन्ही वापरताना वॉट कसे विभागले जातात ते डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दुसऱ्या पोर्टात फोन लावला की लॅपटॉपला ४५ वॉटच उरतात, आणि चार्जर खराब आहे म्हणून लोक परत आणतात.

गॅन चार्जर दुरुस्त करता येतो का? जळालेल्या ट्रान्झिस्टरच्या जागी तेवढ्याच व्होल्टचा मॉसफेट (सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर) टाकला तर पहिल्याच झटक्यात जळतो.
— मोबाइल-लॅपटॉप दुरुस्ती, नाशिक

जळणारच. साध्या ६५० व्होल्टच्या मॉसफेटला पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या टोकावर, १० ते १२ व्होल्ट लागतात. गॅनच्या सर्किटमधला ड्रायव्हर (गेटला व्होल्टेज पुरवणारा भाग) पाच-सहाच व्होल्ट देतो, कारण बहुतेक गॅन ट्रान्झिस्टरचं गेट सातच्या वर टिकत नाही. मॉसफेट अर्धवट उघडा राहतो आणि सगळा भार अंगावर घेऊन जळतो. उलट बाजूने जुन्या सर्किटमध्ये गॅन टाकला तर १२ व्होल्टने गेट फुटतं. म्हणून त्याच क्रमांकाचा भाग मिळाला तरच काम हाती घ्या. बऱ्याच चार्जरमध्ये ड्रायव्हर आणि ट्रान्झिस्टर एकाच चिपमध्ये असतात. तिथे तर पर्यायच नाही.

काम असं करा. डबी सांध्याच्या रेषेवर शिकंज्यात हळूहळू दाबा, चिकटवण सुटते. मोठ्या कपॅसिटरवर आधी मीटर लावा. २३० व्होल्टच्या लाइनवर तिथे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने पाचेक सेकंद धरून ठेवा आणि पुन्हा मोजा. फ्यूज, ब्रिज, मग ट्रान्झिस्टरचे ड्रेन-सोर्स तपासा. ते शॉर्ट असतील तर त्याच वाटेतला एक ओहमच्या आतला सेन्स रेझिस्टर बहुधा उघडा पडलेला असतो, आणि कंट्रोलरही गेलेला असू शकतो. तो न तपासता नवा ट्रान्झिस्टर लावला तर पैसे वाया जातात. या चिपला पाय नसतात, पोटाखाली मोठा पॅड असतो. बोर्ड खालून १२०-१५० अंशांपर्यंत गरम करून मगच वरून गरम हवा द्या. पॅडखाली कथिल सलग पसरलं नाही तर चिपची उष्णता बोर्डात उतरत नाही आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार परत येते.

पहिल्यांदा वीज देताना ४० किंवा ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. क्षणभर चमकून विझला तर ठीक. तेजस्वी जळत राहिला तर शॉर्ट अजून आहे. इथे एलईडी बल्ब चालत नाही. ऑसिलोस्कोप लावायचा तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय प्राथमिक, म्हणजे लाइनकडच्या बाजूला हात घालू नका. प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाची छोटी स्प्रिंग वापरा. हे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडतात की लांब वायरमध्येच लहरी उठतात आणि नसलेला दोष पडद्यावर दिसतो.

आणि प्राथमिक-दुय्यम बाजूंमध्ये बसलेला निळा वाय-कपॅसिटर साध्या सिरॅमिकने कधीच बदलू नका. तो शॉर्ट झाला तर लाइनचे २३० व्होल्ट थेट लॅपटॉपच्या पत्र्यावर येतात. ग्राहकाचा जीव त्या एका भागावर आहे.

नाकामुरांना कंपनीने वीस हजार येन दिले आणि मग कोर्टकचेरी झाली, असं लेखात होतं. पुढे काय झालं? आपल्याकडे कंपनीत शोध लावला तर हक्क कोणाचा?
— संशोधन विभागातील अभियंता, पुणे

टू-फ्लोच्या पेटंटवर २००१ मध्ये खटला उभा राहिला. जानेवारी २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्यायचा निकाल दिला. कंपनी वरच्या न्यायालयात गेली आणि जानेवारी २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. जपानी पेटंट कायद्याच्या ३५व्या कलमात नोकरदार संशोधकाला वाजवी मोबदला द्यावा असं होतं, त्यावर दावा टिकला. नंतर ते कलम दोनदा बदललं. २०१६ पासून कंपनीने आधी नियम केले असतील तर हक्क सुरुवातीपासून कंपनीकडे जाऊ शकतो.

भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या मोबदल्याचं असं कलमच नाही. सगळं तुमच्या नेमणुकीच्या करारावर. सही करण्याआधी तीन ओळी शोधा : हक्क फक्त कामाच्या विषयातल्या शोधांवर जातो की सगळ्याच, नोकरी सोडल्यावर किती महिने बंधन राहतं, आणि बक्षिसाची रक्कम ठरलेली आहे की कंपनीच्या मर्जीवर. हक्क कंपनीचा असला तरी पेटंटवर संशोधक म्हणून तुमचं नाव यायला हवं, त्याची तरतूद २८व्या कलमात आहे. तुकडीतल्या ज्यांनी प्रत्यक्ष कल्पना दिली त्यांचीच नावं घाला. साहेबांचं नाव रिवाज म्हणून घालू नका. आणि अर्ज दाखल होईपर्यंत परिषदेत पोस्टरसुद्धा लावू नका. आपल्याकडे आधी जाहीर केलेल्या शोधाला मिळणारी सवलत फार अरुंद आहे.

हे काम शिकायचं तर महाराष्ट्रात सोय आहे का? आमच्या महाविद्यालयात उपकरणं नाहीत.
— बी.एस्सी.चे प्राध्यापक, लातूर

पवईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची मोठी सुविधा आहे आणि बाहेरच्या शिक्षकांना, संशोधकांना ती वापरू देणारा आयएनयूपी हा सरकारी कार्यक्रम तिथे चालतो. आधी ओळखवर्ग, मग हातांनी काम शिकवणारी कार्यशाळा, मग छोटा प्रकल्प, असा क्रम आहे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) नायट्राइडचे थर वाढवले जातात. पुण्यात पाषाणला सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांचीच संस्था आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावात ‘गॅनचा अभ्यास’ एवढंच लिहू नका. कोणता नमुना, कोणती मोजणी, किती तास यंत्र लागेल, आणि निकाल उलटा आला तर पुढे काय कराल, हे लिहा.

तोवर वर्गात दोन प्रयोग करता येतात. लाल, हिरवा आणि निळा, पारदर्शक आवरणाचे एलईडी घ्या. प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर जोडून व्होल्टेज हळूहळू चढवा आणि एक मिलिअँपिअर वीज वाहते तिथलं एलईडीवरचं व्होल्टेज नोंदवा. लाल १.८च्या आसपास मिळेल, निळा २.६ ते २.८. १२४० ला तरंगलांबीच्या नॅनोमीटरने भागून येणाऱ्या ऊर्जेशी (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) ताडून पाहा. मग एलईडी उलटा वापरा : मीटरला लाल एलईडी जोडून त्यावर निळ्याचा उजेड पाडा, एक व्होल्टच्या वर दिसेल. आता निळा मीटरला जोडा आणि लाल उजेड पाडा. काहीच मिळणार नाही, कारण लाल प्रकाशकणाची ऊर्जा निळ्या एलईडीतला इलेक्ट्रॉन उचलायला पुरत नाही. साधा डिजिटल मीटर चालतो. खोलीचा उजेड तेवढा बंद करा.